गोळी घेता, पण कशाबरोबर?

आमच्या कल्याण पूर्वेच्या वस्तीत घडलेली एक साधी गोष्ट आधी सांगतो.

आमच्या शेजारी एक आत्या राहतात. वय पन्नाशीच्या आतले. ठाण्याला एका ठिकाणी साफसफाईचे काम करतात. पहाटे चारला उठायचे, डबा करायचा आणि पाचच्या सुमाराची गाडी धरायची, असा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. मध्यंतरी त्यांना स्टेशनचा जिना चढताना दम लागू लागला. दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तर आकडा तिथल्या तिथे. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "गोळ्या घेतच नसाल तुम्ही." आत्या संध्याकाळी आमच्या दारात येऊन रडल्या.

आम्ही विचारले, "आत्या, गोळी कधी घेता?"

"रोज घेते की भाऊ. एक दिवस चुकवली नाही. पहाटे चहा होतो ना, त्याच्याच घोटाबरोबर."

पुढच्या खेपेला आम्ही त्यांच्याबरोबर गेलो आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "गोळी चहाबरोबर नको. चहानंतर दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या." जंत आहेत का, पाळीत जास्त रक्त जाते का, हेही त्यांनी तपासायला लावले. चहा हेच एकमेव कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पण पुढच्या तपासणीला आकडा वर सरकला. आत्यांचा नेम खरा होता, गोळीही खरी होती. कशाबरोबर घ्यायची, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि आपणही विचारले नव्हते.

आम्ही कारकुनी करणारे, डॉक्टर नव्हे. पण कारकुनाला एक सवय असते. हिशोब जुळला नाही, तर चूक कुठे आहे ते सापडेपर्यंत चैन पडत नाही. त्या सवयीने आम्ही या विषयाची माहिती गोळा केली, ती आपल्यापुढे ठेवत आहोत. एक विनंती सुरुवातीलाच करतो. हे वाचून कोणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि घरातला भाजीपालाही टाकू नये. बहुतेक ठिकाणी ताट तेच राहते, फक्त वेळ बदलावी लागते.

पोटात होते तरी काय?

अन्न आणि औषध यांची गाठ मुख्यतः तीन प्रकारे पडते. पहिला प्रकार असा की अन्नातला एखादा घटक गोळीला पोटातच धरून ठेवतो, ती रक्तात जातच नाही आणि शौचावाटे निघून जाते. दुसरा प्रकार याच्या उलट. एखादे फळ शरीरातील औषध मोडण्याची क्रिया अडवते, त्यामुळे एकाच गोळीचा परिणाम दोन-तीन गोळ्या घेतल्यासारखा होतो. तिसऱ्या प्रकारात औषध एका दिशेला ओढते आणि अन्न दुसऱ्या दिशेला, किंवा दोन्ही एकाच दिशेला ओढून अती करतात.

चहा आणि दूध

आपल्या घरात दिवसाची सुरुवात चहाने होते आणि गोळी गिळायलाही तोच हाताशी असतो. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला धरून ठेवतात. म्हणून लोहाची गोळी आणि चहा-कॉफी यांत एक-दोन तासांचे अंतर हवे. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व मात्र लोहाला मदत करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. तेव्हा हा प्रश्न एकट्या आत्यांचा नाही.

गरोदर भगिनींना सरकारी दवाखान्यातून लोहाची आणि कॅल्शियमची अशा दोन्ही गोळ्या मिळतात. दोन्ही एकदम घेऊन मोकळे व्हावे असे वाटते, पण कॅल्शियम लोहाला अडवते. दोहोंत निदान दोन तासांचे अंतर ठेवा. लोहाच्या गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

थायरॉईडची गोळी तर फारच हट्टी. ती सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास, जमल्यास तासभर चहासुद्धा घ्यायचा नाही. लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. पहाटेची गाडी धरणाऱ्यांनी उठल्याबरोबर ही गोळी घ्यावी, मग डबा करायला लागावे. डबा होईपर्यंत वेळ भरतो.

आता दूध. मूल आजारी असले की आई गोळी दुधाबरोबर देते, त्यात तिची मायाच असते. पण सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, टेट्रासायक्लिन अशी काही अँटिबायोटिक औषधे दूध-दह्यातील कॅल्शियमला चिकटतात. मग पाच दिवसांचे औषध घेऊनही जंतू मरत नाहीत आणि आपण डॉक्टरांना नावे ठेवतो. ॲसिडिटीच्या पांढऱ्या पातळ औषधाचेही तसेच आहे. कोणतीही गोळी साध्या पाण्याबरोबर, हा नियम लक्षात ठेवला तर निम्मा घोटाळा टळतो.

पुराचे पाणी आणि लेप्टोची गोळी

२६ जुलै २००५ चा पाऊस आपल्यापैकी कोण विसरेल? मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. इकडे उल्हास नदीने कल्याण परिसर बुडवला. त्यानंतर मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तेव्हापासून डॉक्सिसायक्लिन हे नाव वस्त्या-वस्त्यांत ठाऊक झाले. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना डॉक्टर ही गोळी देतात.

ही गोळी काही खाल्ल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. कोरडी गिळून लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. म्हणून घेतल्यावर अर्धा तास तरी बसून राहावे. रात्रपाळी करून आलेला माणूस गोळी टाकतो आणि तसाच झोपतो, हे आम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कामगारांत पाहिले आहे. दूध, लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचे औषध तिच्याबरोबर नको. गरोदर स्त्री आणि लहान मुलांना ही गोळी परस्पर देऊ नये. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळे औषध निवडतात.

टीबीच्या गोळ्या आणि बांगडा

दाट वस्तीत, कोंदट खोल्यांत टीबी अजून आहे, हे नाकारून चालणार नाही. साध्या टीबीचा उपचार निदान सहा महिन्यांचा आणि गोळ्या रोजच्या. त्यातील रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही औषधे रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, चांगली लागू पडतात. ज्यांना मळमळते त्यांनी केंद्रावर सांगावे, थोडे हलके खाऊन घेण्याची मुभा डॉक्टर देतात. पण मळमळते म्हणून गोळी सोडणे सर्वांत घातक. रिफाम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते. ते रक्त नव्हे.

आता मासळीकडे येऊ. १९७० च्या दशकात श्रीलंकेत डॉ. सी. जी. उरागोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही टीबी रुग्णांत विचित्र प्रकार आढळला. ट्यूना जातीचा मासा खाल्ल्यावर त्यांचा चेहरा लाल होई, डोके ठणके, अंगाला खाज सुटे, छातीत धडधडे. कारण असे निघाले की या जातीचे मासे शिळे झाले की त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य वाढते. ते मोडून टाकण्याची शरीराची क्रिया आयसोनियाझिडमुळे मंदावते. आपल्याकडचा कुपा म्हणजे ट्यूनाच आणि बांगड्यातही हिस्टामिन असेच वाढते. एकदा ते तयार झाले की मासा शिजवूनही जात नाही.

आम्हाला यात धोका दिसतो तो खाजेचा नाही. संध्याकाळी स्टेशनबाहेर उरलासुरला बांगडा स्वस्तात मिळतो. रुग्ण तो खातो, रात्री डोके ठणकते, अंग लाल होते आणि घरचे म्हणतात, "गोळ्या बाधल्या, बंद कर." मासा बदनाम होत नाही, औषध होते. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना न जुमानणारा टीबी उभा राहतो आणि तो घरातल्या पोराबाळांना होतो. म्हणून टीबीच्या रुग्णाने मासळी खावी, त्याला प्रथिने हवीतच, पण ताजी खावी. उपचार संपेपर्यंत कुपा आणि शिळा बांगडा टाळावा. त्रास झालाच तर गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टर गाठावा. श्वास लागला किंवा चक्कर आली तर लगेच.

सकस खाण्यासाठी सरकारने एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत दरमहा ५०० रुपये सुरू केले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. ती रुग्णाच्या बँक खात्यात जमा होते. ज्यांना मिळत नसेल त्यांनी आपल्या टीबी केंद्रावर खाते क्रमांक नोंदला आहे का ते पाहावे.

रक्त पातळ करणारी गोळी आणि रानभाज्या

लहानपणी घसा वारंवार दुखून पुढे हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण गरीब वस्त्यांत जास्त असतात. झडप बदलल्यावर त्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲसेनोकुमारॉल किंवा वॉरफॅरिन ही गोळी दिली जाते. गोळीचे प्रमाण आयएनआर नावाच्या रक्ततपासणीवरून ठरवतात.

हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असते. ते या गोळीच्या उलट काम करते. पाऊस पडला की मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी भगिनी कल्याणच्या बाजारात टाकळा, कुर्डू, भारंगीच्या जुड्या घेऊन बसतात. वर्षभर पाला न खाणाऱ्याने या दिवसांत रोज ताटभर पालेभाजी खाल्ली, तर गोळीचा जोर कमी पडून गुठळीची भीती वाढते. उलट कोणी सांगितले म्हणून पालेभाजी एकदम बंद केली, तर गोळीचा जोर वाढून हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ शकते. म्हणून पालेभाजी सोडायची नाही. आठवड्याला जेवढी खात होतो, साधारण तेवढीच खात राहायची. खाणे बदलणार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचे.

पपनसाची गोष्ट

कॅनडातील लंडन नावाच्या शहरात डॉ. डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव कळू नये म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूट या फळाच्या रसात मिसळली. पाहतात तो रक्तात औषध अपेक्षेच्या कितीतरी वर. १९८९ साली हे प्रसिद्ध झाले आणि पुढे कळले की दोष दारूचा नसून रसाचा होता. आतड्याच्या अस्तरात औषध मोडणारे एक द्रव्य असते, तेच हा रस निकामी करतो.

ग्रेपफ्रूट आपल्या बाजारात सहसा नसते, पण त्याचे जनक फळ असते, ते म्हणजे पपनस. गणपतीच्या दिवसांत ठाण्याच्या जांभळी नाक्यावर त्याचे ढीग लागतात. पपनसातही तीच द्रव्ये आहेत. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांची सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे, कोलेस्टेरॉलवरील सिम्वास्टॅटिन आणि ॲटोर्वास्टॅटिन, रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी पपनस खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. इथे वेळ बदलून भागत नाही, कारण रसाचा परिणाम दिवसभर किंवा अधिकही टिकतो. बाकीच्यांनी खुशाल खावे.

शुगर, उपास आणि कारल्याचा रस

ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड यांसारख्या शुगरच्या गोळ्या आणि इन्शुलिन जेवणाशी बांधलेले असतात. गोळी घेतली आणि जेवण चुकले, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस बेशुद्धही पडतो. गाडी रखडली, ओव्हरटाइम लागला, डबा तसाच राहिला, हे आपले रोजचेच. अशांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. कारल्याचा रस, भिजवलेली मेथी यांनीही साखर उतरू शकते. ते गोळीच्या जोडीला परस्पर सुरू करू नये आणि त्यांच्या भरवशावर गोळी सोडू तर मुळीच नये.

आपल्यात पौर्णिमेला, वर्षावासात काही उपासक-उपासिका उपोसथ पाळतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. संध्याकाळची शुगरची गोळी असेल तर त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. श्रावस्तीला शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले, खाल्लेले पोटात ठरेना. तेव्हा भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे आधी ठरल्या वेळी घेण्यास परवानगी दिली. तरीही ते सुधारत नाहीत हे दिसल्यावर वेळेचे बंधनही सैल केले. भिक्खूंसाठी जे सैल झाले, ते आजारी उपासिकेने धरून बसण्याचे कारण नाही.

बीपी, मीठ आणि ज्येष्ठमध

बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते. बीपीवाल्यांना ते चांगले म्हणून घरात येते. त्यात सोडियमऐवजी काही प्रमाणात पोटॅशियम असते. लोसार्टन, टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. त्यात मूत्रपिंड कमजोर असेल आणि वरून हे मीठ किंवा रोजचे नारळपाणी असेल, तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळत राहणाऱ्यांनीही जपावे. त्याचा अतिरेक बीपी वाढवतो आणि गोळीचा उपयोग कमी करतो.

दारू

याबद्दल आम्ही थोडक्यात पण स्पष्ट लिहितो. टीबीच्या गोळ्यांवर दारू घेतली तर यकृताला दुहेरी मार बसतो. रोज पिणाऱ्याने अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल वरचेवर घेतले तरी तीच भीती. शुगरच्या गोळीवर दारू साखर पाडते. झोपेच्या आणि फिटच्या गोळीवर ती शुद्ध घालवू शकते. आमांशासाठी दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलबरोबर उलट्या आणि धडधड होऊ शकते, म्हणून ती गोळी चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस दारू नको, असे डॉक्टर सांगतात. "दारू आहे म्हणून आज गोळी नको" हा हिशोब मात्र आणखी चुकीचा. सोडायची ती दारू.

विचारा, तो आपला हक्क आहे

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो आणि आपल्याला तोंड उघडायचा संकोच. "मोठ्या माणसाला काय विचारायचे" ही भीती आपल्या हाडीमासी मुरलेली आहे. पण भारतीय फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टने रुग्णाला औषधाची माहिती द्यायची असते आणि कोणते अन्न त्या औषधाबरोबर चालणार नाही हेही त्यात येते. तेव्हा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय असो, डोंबिवलीचे शास्त्रीनगर असो, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की नाक्यावरचे मेडिकल, औषध हातात घेण्याआधी पुढील प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारा.

१) गोळी रिकाम्या पोटी घ्यायची की जेवल्यावर?

२) चहा, दूध यांच्यापासून किती अंतर ठेवायचे?

३) या गोळीबरोबर काय खायचे-प्यायचे नाही?

४) घरात चालू असलेल्या इतर गोळ्या, काढा, चूर्ण हिच्याबरोबर चालतील का?

५) एखादी वेळ चुकली तर काय करायचे?

चौथ्या प्रश्नासाठी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून केसपेपरबरोबर न्या. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी टीबीचा उपचार सुरू होताना ते जरूर सांगावे, कारण रिफाम्पिसिनमुळे त्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही.

मिळालेली उत्तरे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात चहाच्या डब्याजवळ चिकटवा. ज्या आई-आजींना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेत जाणाऱ्या मुलाने गोळीच्या पाकिटावर सूर्य किंवा चंद्र काढावा आणि चहाबरोबर चालत नसेल तर कपावर फुली मारावी. आमच्या आत्यांच्या पाकिटावर त्यांच्या नातीने अशीच फुली काढून दिली आहे. आत्या आता चहा पहाटे साडेचारला घेतात आणि गोळी ठाण्याला पोचल्यावर साडेसहा-सातला, बाटलीतल्या लिंबूपाण्याबरोबर. गोळी तीच आहे, चहाही तोच आहे.